कॅम्पिंगला जनरेटर न्यावा की पॉवर स्टेशन? पैसे मोजण्याआधी हा हिशोब करून बघा!

पवना धरणाचा काठ. शनिवारची रात्र. पोरं दमून झोपली आहेत, शेकोटी विझत आली आहे आणि वर चांदण्यांचा सडा पडला आहे. ज्या शांततेसाठी घाटातलं ट्रॅफिक सहन केलं, ती आता कुठे सापडणार, तेवढ्यात शेजारच्या तंबूमागे कुणीतरी दोरी ओढतं आणि 'भर्रर्रर्र' करत जनरेटर सुरू होतो!

हा अनुभव तुम्हीही घेतला असेल. कदाचित तो जनरेटर तुमच्याच ग्रुपचा असेल!

तंबू टाकून राहणं, कॅम्परव्हॅन भाड्याने घेणं, स्वतःच्या गाडीतच झोपायची सोय करणं हे आता आपल्याकडे नवीन राहिलेलं नाही. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये खास कारवॅन पर्यटनासाठी धोरणही आणलं. पण घराबाहेर राहायचं म्हटलं की एक प्रश्न येतोच. वीज कुठून आणायची?

बाजारात पर्याय भरपूर आहेत. 'सायलेंट' असं ठळक अक्षरात लिहिलेले जनरेटर आहेत, हँडल असलेल्या डब्यासारखी दिसणारी पॉवर स्टेशन्स आहेत, घडी घालता येणारे सोलर पॅनेल आहेत. किंमत काही हजारांपासून लाखांपर्यंत जाते. आणि बहुतेक जण खोक्यावरचा सगळ्यात मोठा आकडा बघून खरेदी करतात.

इथेच दोन चुका होतात. एक चूक खिशाला महाग पडते. दुसरी थेट जिवावर बेतू शकते. दोन्ही नीट समजून घेऊया.

आधी 'वॉट' आणि 'वॉट-अवर' यातला फरक

हे पाण्याच्या टाकीसारखं आहे. वॉट म्हणजे तोटी किती मोठी आहे, एका वेळी किती जोरात पाणी येईल. वॉट-अवर म्हणजे टाकीत एकूण पाणी किती आहे.

एखाद्या पॉवर स्टेशनवर '१८०० वॉट' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. ही झाली तोटी. टाकी किती, ते बघायला खाली बारीक अक्षरांत शोधावं लागतं. तिथे समजा '१००० वॉट-अवर' लिहिलं असेल, तर १८०० वॉटचं उपकरण लावल्यावर ती टाकी अर्ध्या तासातच रिकामी होणार.

आणि १००० वॉट-अवर म्हणजे किती? आपल्या वीजबिलातलं बरोबर एक युनिट! घरी काही रुपयांत मिळणारं एक युनिट रानात नेण्यासाठी आपण हजारो रुपये मोजतो. म्हणूनच ते जपून वापरावं लागतं.

पॉवर बँकवरच्या 'एमएएच'च्या आकड्यालाही भुलू नका. २०,००० एमएएच म्हणजे २० अँपिअर-अवर. त्याला बॅटरीच्या ३.७ व्होल्टने गुणलं की ७४ वॉट-अवर येतात. कुणी '२ लाख एमएएच' अशी जाहिरात केली, तर ती ७४० वॉट-अवर, म्हणजे पाऊण युनिटाहूनही थोडी कमी वीज आहे.

चौघांच्या कुटुंबाला एका रात्रीत किती वीज लागते?

कागद-पेन घ्या. उपकरणाचे वॉट गुणिले किती तास चालणार, एवढंच गणित आहे.

५ वॉटचे दोन एलईडी दिवे, पाच तास: ५० वॉट-अवर.
चार फोन एकेकदा पूर्ण चार्ज: साधारण ८० वॉट-अवर.
२० वॉटचा एक छोटा पंखा, आठ तास: १६० वॉट-अवर.
एक लॅपटॉप एकदा चार्ज: साधारण ६० वॉट-अवर.

बेरीज झाली ३५०. बॅटरीतली वीज २३० व्होल्टमध्ये बदलताना १० ते १५ टक्के वाया जाते, म्हणून ४०० धरा. म्हणजे एक रात्र आरामात काढायला अर्ध्या युनिटापेक्षाही कमी वीज पुरते!

आता यात गाडीतला छोटा कॉम्प्रेसर फ्रिज आला, तर आपल्याकडच्या उन्हाळ्यात दिवसाला आणखी ४०० ते ५०० वॉट-अवर लागतील. एकूण आकडा ८०० ते ९०० च्या आसपास जातो. म्हणजे जवळपास एक युनिट.

कुणाला झोपेत श्वासासाठी सीपॅप मशीन लागत असेल, तर ते सर्वात आधी यादीत लिहा. ही मशीन्स साधारण ३० ते ६० वॉट घेतात, म्हणजे आठ तासांचे २४० ते ४८० वॉट-अवर. हवा दमट करणारा ह्युमिडिफायर बंद ठेवला की खर्च बराच कमी होतो, पण तो बंद ठेवायचा का, हे डॉक्टरांना विचारून ठरवा. नेण्याआधी घरी एक पूर्ण रात्र त्याच बॅटरीवर मशीन चालवून बघाच.

खरा खादाड कोण? जे तापवतं आणि जे गार करतं!

इलेक्ट्रिक किटली, इंडक्शन, हेअर ड्रायर, रूम हीटर. या मंडळींना एका वेळी १००० ते २००० वॉट लागतात. चहासाठी एक लिटर पाणी उकळायला जवळपास १०० वॉट-अवर जातात, म्हणजे पाच फोन चार्ज होतील एवढी वीज! तेच काम कॅम्पिंगचा छोटा गॅस स्टोव्ह तंबूबाहेर काही मिनिटांत करतो.

आणि एसी? एक टनाचा एसी साधारण १००० वॉट घेतो. म्हणजे एक युनिटाचं महागडं पॉवर स्टेशन तासाभरात संपलं. शिवाय कॉम्प्रेसर सुरू होताना काही क्षण कितीतरी जास्त वीज ओढतो, तो झटका मशीनला झेपला पाहिजे.

त्यामुळे रात्रभर एसी हवाच असेल, तर जिथे गाडीला वीजजोड मिळतो अशीच जागा निवडणं शहाणपणाचं. नाहीतर मग येतो जनरेटर. आणि इथून गोष्ट गंभीर होते.

'सायलेंट' जनरेटर खरंच सायलेंट असतो का?

जनरेटर दोन प्रकारचे असतात. साधा जनरेटर एक दिवा लावा नाहीतर दहा, कायम एकाच वेगाने धडधडतो. इन्व्हर्टर जनरेटर मात्र भार कमी असेल तर इंजिनाचा वेग कमी करतो. त्यामुळे आवाज आणि पेट्रोल दोन्ही वाचतं, आणि वीजही लॅपटॉपसारख्या नाजूक उपकरणांना चालेल अशी स्वच्छ मिळते.

या प्रकारातलं जगभर गाजलेलं उदाहरण म्हणजे होंडाचा ईयू२२००आय. तो सलग १८०० वॉट देतो, टाकी साडेतीन लिटरच्या आसपास. कंपनीच्या आकड्यांनुसार पाव भारावर आवाज ४८ डेसिबल, पूर्ण भारावर ५७ डेसिबल. एका टाकीत पाव भारावर आठ तास चालतो, पूर्ण भारावर तीन तासांच्या थोडं वर.

४८ डेसिबल म्हणजे घरातल्या शांत गप्पांसारखं वाटतं ना? पण थांबा. हा आकडा सात मीटरवरून मोजलेला असतो. तुमचा तंबू तीन मीटरवर असेल तर आवाज बराच जास्त. उघड्या जागेत अंतर दुप्पट केलं की साधारण ६ डेसिबल कमी होतात, निम्मं केलं की तेवढेच वाढतात.

डेसिबलचं गणितही सरळ नाही. १० डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ऊर्जा दहापट होते आणि कानाला तो साधारण दुप्पट मोठा वाटतो. म्हणजे ५५ आणि ६५ डेसिबलच्या दोन मशीनमध्ये 'थोडासाच' फरक नसतो.

आता कायद्याकडे बघू. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. म्हणजे शांत म्हणून नावाजलेला जनरेटरही सर्वात कमी आवाजात सात मीटरवर रात्रीच्या मर्यादेच्या वरच राहतो! त्यात पाण्याच्या काठावर रात्रीच्या थंड हवेत आवाज आणखी लांब जातो. तुम्हाला त्याची सवय होते, पलीकडच्या काठावरच्यांना होत नाही.

अमेरिकेत आरव्ही भाड्याने घेऊन फिरणाऱ्या मराठी मंडळींनी तिथला नियमही लक्षात ठेवावा. तिथल्या राष्ट्रीय उद्यानांत ५० फुटांवर ६० डेसिबलपेक्षा जास्त आवाज करणारी मशीन चालत नाहीत, आणि कॅम्पग्राउंडच्या शांततेच्या वेळा वेगळ्या असतात.

दुकानदाराला विचारायचे प्रश्न दोनच: किती अंतरावर? आणि किती भारावर? दोन्हीची उत्तरं नसतील, तर खोक्यावरचा 'सायलेंट' हा शब्द निव्वळ सजावट आहे असं समजा.

आवाज कमी, पण धोका तेवढाच

डिसेंबर २०२४. केरळमधल्या वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका कारवॅनमध्ये दोन जण मृतावस्थेत सापडले. विश्रांतीसाठी थांबले होते, एसी चालावा म्हणून गाडीतला जनरेटर सुरू होता. शवविच्छेदनात मृत्यूचं कारण निघालं कार्बन मोनॉक्साइड. नंतर एनआयटी कालिकतच्या तज्ज्ञांनी गाडीची तपासणी केली, तेव्हा जनरेटरमधून निघणारा हा वायू आत शिरत असल्याचं समोर आलं.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. त्यामुळे श्वास चालू असतो, पण शरीराला ऑक्सिजन मिळत नाही. सुरुवातीला डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते. माणसाला वाटतं प्रवासाचा थकवा असेल किंवा ढाब्यावरचं जेवण बाधलं असेल. तो आडवा होतो. आणि झोपलेल्या माणसाला तर ही लक्षणंही कळत नाहीत.

'सायलेंट' जनरेटरची मेख इथेच आहे. साधा जनरेटर इतका बोंबलतो की लोक आपणहून त्याला लांब ठेवतात. शांत जनरेटर मात्र 'त्रास होत नाही' म्हणून तंबूला खेटून ठेवला जातो, गाडीच्या मागच्या कप्प्यात बसवला जातो, आवाज आणखी कमी व्हावा म्हणून खोक्यात कोंबला जातो, पाऊस आला की ताडपत्रीखाली सरकवला जातो. आवाज कमी झाला म्हणून धूर कमी झालेला नसतो!

म्हणून हे नियम पाठच करून ठेवा.

जनरेटर तंबू, गाडी, खिडकी आणि दार यांपासून किमान ६ मीटर, म्हणजे वीस फूट लांब. धूर बाहेर सोडणारी बाजू माणसांच्या विरुद्ध दिशेला, आणि वारा आपल्याकडून जनरेटरकडे जाईल अशी जागा.

गाडीच्या आत, गाडीखाली, तंबूच्या पडवीत किंवा डिकी उघडी ठेवून तिथे कधीच नाही. 'खिडकी उघडी आहे ना' हे उत्तर पुरेसं नाही.

झोपण्याआधी जनरेटर बंद. रात्रीची वीज बॅटरीतूनच घ्या. यामुळे शेजाऱ्यांची झोप आणि तुमचा जीव, दोन्ही सांभाळलं जातं.

कॅम्परव्हॅनमध्ये बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइड अलार्म हवाच. भाड्याने गाडी घेत असाल तर एसी कशावर चालतो, जनरेटर कुठे बसवला आहे आणि अलार्म आहे का, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय किल्ली घेऊ नका.

एकाच गाडीतल्या किंवा तंबूतल्या दोघा-तिघांचं डोकं एकदम दुखायला लागलं, तर कारण शोधत बसू नका. सगळ्यांना उघड्या हवेत काढा आणि लगेच डॉक्टरकडे न्या.

आणि हो, थंडीत तंबूत ठेवलेली कोळशाची शेगडीही हाच वायू सोडते. ती बाहेरच ठेवा.

पॉवर स्टेशन घेताना काय बघायचं?

पॉवर स्टेशन म्हणजे एका डब्यात बॅटरी, चार्जर आणि इन्व्हर्टर. धूर नाही, त्यामुळे तंबूत ठेवता येतं. आवाज जवळपास नाही. 'जवळपास' म्हणायचं कारण, जास्त भार असताना किंवा वेगाने चार्ज होताना आतला पंखा फिरतो. रात्री उशाशी ठेवायचं असेल तर हे आधी ऐकून बघा.

बॅटरी कोणती आहे ते विचारा. 'एलएफपी' म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी साधारण ३००० वेळा चार्ज केल्यावरही बरीचशी क्षमता टिकवते आणि तापून पेटण्याचा धोकाही तुलनेने कमी असतो. 'एनएमसी' बॅटरी वजनाला हलकी, पण तिचं आयुष्य बरंच कमी. पाठीवर न्यायचं नसेल तर एलएफपीच घ्या.

'प्युअर साइन वेव्ह' इन्व्हर्टर आहे याची खात्री करा. पंखा, फ्रिज आणि वैद्यकीय उपकरणांसाठी ते महत्त्वाचं आहे.

वजन उचलून बघा. एक युनिटाचा डबा साधारण १० ते १४ किलोचा असतो. गाडीपासून तंबू दूर असेल तर तो कोण उचलणार, हे आत्ताच ठरवा!

आणि एक साधी युक्ती. फोन, दिवे, १२ व्होल्टचा पंखा किंवा फ्रिज थेट यूएसबी किंवा १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालवा. २३० व्होल्टचा इन्व्हर्टर बंद ठेवलात, तर त्यात वाया जाणारी वीज वाचते.

हवामानही लक्षात घ्या. शून्य अंशाखाली एलएफपी बॅटरी चार्ज करायची नसते, त्यामुळे थंडीत लडाख-स्पितीला जाणाऱ्यांनी हे तपासावं. उलट मे महिन्यात बंद गाडीत उन्हात डबा ठेवणंही बॅटरीला मारक. विमानाने जाणार असाल तर १०० वॉट-अवरपर्यंतची बॅटरी केबिन बॅगेत चालते, १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते, त्यावर नाही. म्हणजे पॉवर स्टेशन विमानातून न्यायचं विसराच.

घरचा इन्व्हर्टर गाडीत टाकला तर?

अनेकांच्या डोक्यात हा विचार येतो. घरच्या १५० अँपिअर-अवरच्या लेड-ॲसिड बॅटरीत कागदावर १८०० वॉट-अवर असतात. पण ती टिकवायची तर निम्मीच वापरायची, म्हणजे ९००. वजन पन्नास किलोंच्या पुढे. आत ॲसिड, घाटात कलंडण्याची भीती, आणि चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, त्यामुळे बंद गाडीत ती नकोच.

गाडीच्या मूळ बॅटरीवरही रात्रभर पंखा-दिवे लावू नका. सकाळी गाडी सुरू झाली नाही, तर त्या कच्च्या रस्त्यावर धक्का मारायला कुणी नसतं.

टाकी पुन्हा भरायची कशी?

गाडी चालवताना: गाडीच्या १२ व्होल्ट सॉकेटमधून साधारण १०० ते १२० वॉट मिळतात. मुंबईहून भंडारदऱ्याला जाताना चार तास लागले, तर वाटेतच ४०० वॉट-अवर जमा झाले. म्हणजे वर काढलेली फ्रिजशिवायची एक रात्र वसूल! कायमच्या कॅम्परव्हॅनमध्ये जाणकाराकडून डीसी-डीसी चार्जर बसवला तर हा वेग तिप्पट होऊ शकतो.

सोलर: १०० वॉटचं पॅनेल प्रत्यक्षात स्वच्छ उन्हातही ७० वॉटच्या आसपास देतं. महाराष्ट्रातल्या स्वच्छ दिवशी ३५० वॉट-अवर मिळाले तरी चांगलं म्हणायचं. पॅनेल सूर्याकडे वळवत राहा, आणि झाडाची सावली एका कोपऱ्यावरही पडू देऊ नका. पण आपल्याकडे कॅम्पिंगचा हंगाम पावसात बहरतो, आणि ढगाळ दिवशी हाच आकडा पार कोसळतो. जून ते सप्टेंबर सोलरच्या भरवशावर बाहेर पडू नका.

मग नेमकं कुणी काय घ्यावं?

एक-दोन रात्री तंबूत, फक्त फोन आणि दिवे: दोन चांगल्या पॉवर बँका आणि चार्ज होणारे कंदील पुरे. पंखा हवा असेल तर ५०० वॉट-अवरचं छोटं पॉवर स्टेशन.

फ्रिज, सीपॅप किंवा लॅपटॉपवर काम: एक युनिटाचं एलएफपी पॉवर स्टेशन, सोबत गाडीतून चार्जिंगची केबल. दोन रात्रींपेक्षा जास्त मुक्काम असेल तर १०० ते २०० वॉटचं पॅनेल.

कॅम्परव्हॅनमध्ये आठवडे काढणार असाल: जाणकाराकडून बसवून घेतलेली एलएफपी बॅटरी, डीसी-डीसी चार्जर आणि छतावर सोलर.

एसी हवाच: वीजजोड असलेली जागा. नाहीतर उंचावरचं ठिकाण निवडा, सह्याद्री त्यासाठीच आहे!

जनरेटर: सलग ढगाळ हवा, मोठा ग्रुप आणि जवळपास वीज नाही, अशा वेळी दिवसा दोन-तीन तास बॅटरी भरण्यापुरता. घेतलाच तर इन्व्हर्टर प्रकारचा घ्या. उंचीवर जाताना लक्षात ठेवा, दर ३०० मीटरला त्याची ताकद साधारण साडेतीन टक्क्यांनी घटते. साडेतीन हजार मीटरवरच्या लेहमध्ये ती ४० टक्क्यांच्या आसपास कमी झालेली असेल.

आणि वर्षातून दोनदाच जात असाल, तर आधी एकदा भाड्याने घेऊन बघा. पहिल्याच रात्री कळेल, यादीतल्या निम्म्या गोष्टी लागल्याच नाहीत.

पुढच्या ट्रिपचा ग्रुप बनला असेलच. त्यात हा लेख टाका, आणि जनरेटर आणणाऱ्या मित्राला एक गोष्ट आवर्जून सांगा: वीस फूट लांब, आणि झोपण्याआधी बंद.